युरोपीय आडनावाचा उगम कसा शोधावा: अर्थाआधी गाव, भाषा आणि साल

आडनावाचा अर्थ हवा असला की बहुतेक जण ते शोधयंत्रात टाकतात आणि समोर येईल ती पहिली ओळ उतरवून घेतात. युरोपीय आडनावांच्या बाबतीत ही सवय हमखास फसवते. ‘लांग’ हे आडनाव जर्मन घराण्याचं असेल तर त्याचा अर्थ ‘उंच’, हंगेरियन घराण्याचं असेल तर ‘ज्वाला’. आयर्लंडमधल्या कॅव्हन परगण्यातले अनेक स्मिथ इंग्रज लोहारांचे वंशज नाहीत. त्यांचं मूळ गेलिक नाव ‘मॅक गौअन’, म्हणजे लोहाराचा मुलगा, आणि इंग्रजी अंमलात त्याचं भाषांतर होऊन स्मिथ झालं. उत्तर इंग्लंडमधलं ‘गिल’ ओढ्याच्या घळीवरून आलं आहे, पंजाबातल्या गिल गोताशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

म्हणून शोधाचा क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग त्याचं गाव, मग त्या गावाची भाषा, मग सापडेल तितकं जुनं स्पेलिंग, आणि अर्थ सर्वांत शेवटी. गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती घराण्यांचा अभ्यास करणारे, युरोपात स्थायिक होऊन तिथल्या सासरचा वंशवृक्ष मांडू पाहणारे, इतिहासाचे विद्यार्थी आणि अनुवादक अशा सगळ्यांना हाच क्रम उपयोगी पडतो.

सुरुवातीला जमवायचं साहित्य

- आडनावाचं रोमन लिपीतलं अचूक स्पेलिंग, अक्षरांवरचे ठिपके, टोप्या आणि खालच्या शेपट्यांसकट.
- घरातली सर्वांत जुनी कागदपत्रं: जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले, बाप्तिस्म्याचा दाखला, जुना पासपोर्ट, सैन्यातले कागद, खरेदीखत, थडग्यावरच्या मजकुराचा फोटो.
- किमान तीन पिढ्यांची नावं. त्यात प्रत्येक स्त्रीचं माहेरचं आडनाव हवंच.
- घराण्याचा धर्म आणि पंथ. कॅथलिक, लुथरन, ऑर्थोडॉक्स आणि ज्यू यांच्या नोंदवह्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे पंथ ठाऊक नसेल तर चुकीच्या वह्या चाळण्यात महिने जातात.
- फॅमिलीसर्च या संकेतस्थळावरचं मोफत खातं. काही पानांच्या प्रतिमा घरून उघडत नाहीत. त्या त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन बघाव्या लागतात.
- त्या भागाचा १९१४ च्या आधीचा नकाशा. आज पोलंडमध्ये असलेलं गाव तेव्हा प्रशिया, ऑस्ट्रिया किंवा रशियात असू शकतं, आणि दफ्तर त्या त्या राज्याच्या भाषेत असतं.
- नोंदतक्ता: साल, गाव, नाव, जसंच्या तसं स्पेलिंग, दस्तऐवजाचा प्रकार, पान क्रमांक.

१. स्पेलिंग पक्कं करा

मराठी वाचकासाठी पहिला सापळा देवनागरीतच आहे. ‘मायर’ असं लिहिलं की जर्मनमधली निदान चार स्पेलिंग एकाच शब्दात लपतात. ‘फर्नांडिस’ लिहिलं की शेवटी एस आहे की झेड हे कळत नाही, आणि तिथेच पोर्तुगीज आणि स्पॅनिश घराणं वेगळं होतं: पोर्तुगीज नावाच्या शेवटी एस, स्पॅनिश नावाच्या शेवटी झेड. त्यामुळे देवनागरीतल्या पुस्तकावरून किंवा बातमीवरून शोध सुरू करू नका. मूळ रोमन रूप मिळवा.

अक्षरांवरची चिन्हंही टिपून घ्या. जर्मन यू वरचे दोन ठिपके टंकयंत्रावर नसले की ‘म्युलर’मध्ये यूच्या पुढे ई घालतात, परदेशात गेलेल्या घराण्यांत कधी ठिपकेही जातात आणि ई सुद्धा. पोलिश भाषेतलं मधे काट मारलेलं एल ‘व’सारखं उच्चारतात, परदेशी कारकुनाने ऐकून लिहिलं असेल तर तिथे डब्ल्यू सापडतो, आणि पाहून लिहिलं असेल तर साधा एल.

२. जिवंत माणसापासून मागे चला आणि गाव गाठा

इतिहासातला प्रसिद्ध आडनावबंधू घ्यायचा आणि त्याच्यापासून खाली आपल्यापर्यंत यायचं, हा मोह आवरा. एकेक पिढी मागे जा. प्रत्येक पायरीवर आई-वडिलांची नावं असलेला कागद मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

आधी सरकारी नोंदणी बघा, कारण ती वाचायला सोपी असते. फ्रान्समध्ये ती १७९२ पासून आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५, आयर्लंडमध्ये १८६४, एकीकरणानंतरच्या इटलीत १८६६, स्पेनमध्ये १८७१, सगळ्या जर्मन साम्राज्यात १८७६ आणि पोर्तुगालमध्ये १९११ पासून. नेपोलियनच्या अंमलाखाली आलेल्या प्रदेशांत, उदाहरणार्थ दक्षिण इटलीत आणि ऱ्हाइनच्या पश्चिम काठावर, ती याहून बरीच आधीची सापडते.

त्यामागे चर्चच्या वह्या. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदवायला लावलं. कॅथलिक देशांत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या सक्तीच्या केल्या. म्हणजे सामान्य शेतकऱ्याच्या घराण्याचा माग साधारण सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत लागू शकतो. त्यापलीकडे जमीन, कर आणि खटल्यांचे कागद उरतात.

कुठे बघायचं? इटलीसाठी सरकारी अभिलेखागारांचं ‘आंतेनाती’, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या कॅथलिक वह्यांसाठी ‘मात्रिकुला’, नॉर्वेसाठी तिथलं ‘डिजिटालआर्किवे’, पोलंडसाठी ‘जेनेटेका’ ही अनुक्रमणिका. ही सगळी मोफत आहेत. स्कॉटलंडच्या ‘स्कॉटलंड्सपीपल’वर प्रतिमा बघायला पैसे भरावे लागतात. आयर्लंडचे जन्म-विवाह-मृत्यूचे दाखले सरकारी संकेतस्थळावर मोफत आहेत, पण तिथली एकोणिसाव्या शतकातली जनगणना बहुतांश उपलब्ध नाही: काही वर्षांची सरकारनेच नष्ट केली आणि उरलेली १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेली. तिथे १९०१ आणि १९११ च्या जनगणनेवर आणि १८४७ ते १८६४ दरम्यानच्या ग्रिफिथच्या मूल्यांकनावर, म्हणजे करासाठी ठरवलेल्या जमीन आणि घरांच्या किमतीच्या नोंदींवर, भिस्त ठेवावी लागते.

दाखला मागवताना उतारा मागू नका, पूर्ण नक्कल मागा. इटलीत तिला ‘कोपिया इंतेग्राले’ म्हणतात. उताऱ्यात समासातल्या नोंदी येत नाहीत, आणि आडनावातला बदल, दुरुस्ती, दत्तकविधान किंवा बापाने नंतर दिलेली मान्यता नेमकी समासातच लिहिलेली असते.

घराणं अमेरिकेत जाऊन आलं असेल तर ‘एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं’ ही गोष्ट हटकून ऐकायला मिळेल. ती लिहून ठेवा, पण पुरावा म्हणून वापरू नका. न्यूयॉर्कजवळच्या त्या बेटावर १८९२ मध्ये उघडलेल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रातले अधिकारी जहाज कंपनीने निघायच्या बंदरावर केलेल्या यादीवरून नावं तपासत. बदल बहुधा नंतर, नोकरीत, शाळेत किंवा नागरिकत्वाच्या अर्जावर, घराण्याने स्वतःच केलेला असतो. म्हणून नागरिकत्वाचा अर्ज शोधा. जुनं आणि नवं नाव एकत्र मिळण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त.

३. त्या प्रदेशात आडनावं कायम कधी झाली ते बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मग बाराव्या शतकातल्या एखाद्या सरदाराशी नातं जोडून मोकळे होतात. आडनाव पिढ्यान्‌पिढ्या एकच राहण्याची पद्धत सगळ्या युरोपात एकाच वेळी आली नाही. इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ती जमीनदारांपासून खाली झिरपली, आणि सामान्य माणसाचं आडनाव दक्षिणेत १३५० च्या सुमारास तर उत्तरेत आणखी शतकभराने स्थिर झालं. शेजारच्या वेल्समध्ये मात्र बापाचं नाव लावण्याची चाल खेड्यापाड्यांत एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळली.

डेन्मार्कमध्ये १८२८ च्या आदेशाने घराण्याला एकच आडनाव ठरवायला सांगितलं. लोकांनी त्या वेळचं पितृनामच गोठवलं, म्हणून तिथे जेन्सन, नील्सन, हॅन्सन यांचा एवढा भरणा. स्वीडनमध्ये कायदा १९०१ चा, नॉर्वेत १९२३ चा. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांचं शेवटचं नाव म्हणजे बापाचं किंवा आईचं नाव आणि त्याला जोडलेला ‘सोन’ किंवा ‘दोत्तिर’; १९२५ च्या कायद्याने नवी घराणेनावं घ्यायलाच बंदी केली. तिथे शेवटच्या नावाचा उगम शोधणं म्हणजे फक्त बापाचं किंवा आईचं नाव शोधणं.

नॉर्वेत आणखी एक गुंता आहे. माणूस ज्या शेतवाडीवर राहायचा तिचं नाव लावायचा, आणि वाडी बदलली की नावही बदलायचं. जर्मनीच्या वेस्टफालियात शेतवाडीची वारस असलेल्या मुलीशी लग्न करून तिथे राहायला गेलेला जावई त्या वाडीचं नाव घ्यायचा. अशा भागात आडनाव सारखं म्हणजे रक्त एक, असं गृहीत धरलं की पुढचं सगळं झाड चुकतं.

नेदरलँड्समध्ये नेपोलियनने १८११ मध्ये सगळ्यांना आडनाव नोंदवायला लावलं. तिथली एक लोकप्रिय कथा अशी की डच लोकांनी फ्रेंचांची थट्टा म्हणून ‘नाक्तखेबोरेन’, म्हणजे उघडा जन्मलेला, अशी नावं दिली. ती खरी नाही. बहुतेक डच घराण्यांना तेव्हा आडनावं होतीच, आणि हे विशिष्ट नाव जर्मन ‘नाखगेबोरेन’वरून, म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला या अर्थाच्या शब्दावरून, आलं असावं असं मानतात.

ज्यू घराण्यांसाठी तीन वर्षं लक्षात ठेवा: ऑस्ट्रियात १७८७, फ्रान्समध्ये १८०८, प्रशियात १८१२. या आदेशांनी कायम आडनाव सक्तीचं झालं. एस्टोनियातल्या शेतकऱ्यांना आडनावं मिळाली ती १८२० आणि १८३० च्या दशकांत, आणि रशियातल्या बऱ्याच भूदासांना १८६१ च्या मुक्तीनंतर. अशा घराण्याला कुणी मध्ययुगीन वंशावळ विकत देऊ लागला तर ती बनावट आहे हे तारखेवरूनच ओळखा.

४. जुनी वही वाचायला शिका

कॅथलिक वह्या बहुधा लॅटिनमध्ये असतात आणि पाद्री पहिलं नावही लॅटिन करून लिहितो. ‘योहान्नेस’ घरी हान्स, जाँ, जुआंव किंवा यान असेल. धंद्याचे चार शब्द पाठ करा: फाबेर म्हणजे लोहार, मोलितोर म्हणजे पीठगिरणीवाला, सार्तोर म्हणजे शिंपी, तेक्स्तोर म्हणजे विणकर. हे शब्द काही घराण्यांचं आडनावही होऊन बसले. सोळाव्या शतकातल्या विद्वानांना तर आपलं नाव लॅटिन किंवा ग्रीक करून घ्यायची हौसच होती. नकाशाकार मर्काटोरचं घरचं आडनाव ‘क्रेमर’, दोन्हींचा अर्थ व्यापारी.

जर्मन वह्या ‘कुरेंट’ नावाच्या हस्ताक्षरात असतात. त्यातला ई आपल्याला एनसारखा दिसतो आणि यू, एन, एम यांच्या नुसत्या रेघा. यावर एक चांगला उपाय आहे: कुरेंटचा तक्ता उतरवून घ्या, आपलं आडनाव आणि गावाचं नाव त्या लिपीत वीस-पंचवीस वेळा स्वतः लिहा. हाताला वळण बसलं की डोळ्याला ते शब्द पानावर आपोआप दिसू लागतात.

तारखांकडे लक्ष द्या. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे वहीत १२ फेब्रुवारी १७२० असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. हे विसरल्याने मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मल्यासारखं दिसतं आणि लोक चुकीच्या जोडप्याकडे वळतात. फ्रान्समध्ये १७९३ ते १८०५ च्या नोंदी क्रांतीच्या कॅलेंडरात आहेत, तर रशियाने ग्रेगोरियन तारखा १९१८ मध्ये स्वीकारल्या.

५. स्पेलिंगच्या सगळ्या रूपांची यादी करा

अठराव्या शतकापर्यंत स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून होतं. एकाच माणसाच्या लग्नात एक आणि दफनात दुसरं स्पेलिंग असणं अगदी साधी गोष्ट आहे. फ्रेंच ‘लफेव्र’ घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये ‘फेव्र’ म्हणजे लोहार. पंडितांनी लॅटिन ‘फाबेर’ची आठवण म्हणून मधे न उच्चारला जाणारा बी घुसवला, त्या काळी यू आणि व्ही एकसारखेच लिहीत, म्हणून पुढे कुणीतरी ते ‘लफेब्यूर’ असं वाचलं. दोन्ही आज स्वतंत्र आडनावं आहेत, मूळ एकच.

शोधताना तारांकित चिन्ह वापरा: खात्रीची व्यंजनं ठेवा, शंकेच्या स्वरांच्या जागी तारा. अनेक संकेतस्थळांवर ‘साउंडेक्स’ असतं, म्हणजे सारख्या उच्चाराची नावं एकत्र शोधण्याची पद्धत. त्यात पहिलं अक्षर आणि त्यापुढे तीन आकडे येतात, आणि स्मिथ व श्मिट दोघांनाही एस५३० हाच संकेत मिळतो. मात्र पहिलंच अक्षर बदललेलं असेल, सीऐवजी के आला असेल, तर साउंडेक्सला ते सापडणार नाही. पूर्व युरोपीय आणि ज्यू नावांसाठी त्याऐवजी ‘डाइच-मोकोटॉफ’ पद्धत निवडा. ज्यू वंशावळींच्या ‘ज्युइशजेन’ या संकेतस्थळावर ती मिळते.

नावांचा क्रमही तपासा. हंगेरियन माणूस आडनाव आधी लिहितो. स्पॅनिश पद्धतीत पहिलं आडनाव बापाचं आणि दुसरं आईचं. पोर्तुगीजमध्ये बहुधा उलट, बापाचं शेवटी. नेदरलँड्समध्ये ‘फान देन बेर्ख’ हे बीखाली लावतात, बेल्जियममध्ये व्हीखाली. आणि स्त्रियांची रूपं: पोलिश कोवाल्स्कीची बहीण कोवाल्स्का, चेक नोवाकची बायको नोवाकोवा, ग्रीक पापादोपुलोसची मुलगी पापादोपुलू. या दोन वेगळ्या घराण्यांच्या नोंदी समजून सोडून देऊ नका.

६. आडनाव नकाशावर मांडा

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हे आडनाव कुठे दाट होतं ते बघा. आजच्या दूरध्वनी यादीपेक्षा जुनी जनगणना बरी. ब्रिटनसाठी १८८१ ची जनगणना सर्वांत सोयीची. सगळे ठिपके एका खोऱ्यात असतील तर उगम एकाच जागी असण्याची शक्यता मोठी. ठिपके सर्वत्र विखुरलेले असतील तर नाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं आहे, आणि अशा नावाचं एक मूळ घराणं शोधण्यात अर्थ नाही.

नकाशा अर्थही सांगतो. विणलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिराला इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ‘टकर’ म्हणत, आग्नेयेला ‘फुलर’, आणि उत्तरेत ‘वॉकर’. धंदा एक, आडनावं तीन, आणि कुठलं आडनाव आहे यावरून मूळ प्रांताचा अंदाज येतो. वॉकर म्हणजे खूप चालणारा, हा अर्थ साफ चुकीचा. इटलीत तांबूस केसांवरून पडलेलं नाव उत्तरेत आणि मध्य भागात ‘रॉसी’, दक्षिणेत ‘रुसो’. ग्रीसमध्ये ‘-आकिस’ क्रीटकडे बोट दाखवतं, ‘-पुलोस’ पेलोपोनेसकडे, ‘-इदिस’ काळ्या समुद्राकाठच्या ग्रीकांकडे.

७. आता प्रकार ओळखा आणि मग अर्थ बघा

युरोपातली बहुतेक आडनावं चार कप्प्यांत बसतात: बापाच्या नावावरून, जागेवरून, धंद्यावरून आणि टोपणनावावरून.

बापाच्या नावावरची ओळखायला सोपी, कारण त्यांना ठरलेलं शेपूट किंवा डोकं असतं. इंग्रजी ‘सन’, स्पॅनिश ‘एझ’, पोर्तुगीज ‘एस’, पोलिश ‘विच’, सर्बियन आणि क्रोएशियन ‘इच’, रोमानियन ‘एस्कू’, रशियन ‘ओव्ह’. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, आयरिश ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. वेल्समध्ये ‘आप’ म्हणजे मुलगा, पण तो पुढच्या नावात असा मुरला की ओळखू येत नाही: आप हिवेलचं पॉवेल, आप ऱ्हिसचं प्राइस, आब ओवेनचं बोवेन. प्राइस या आडनावाचा किमतीशी संबंध नाही.

जागेवरची आडनावं आपल्या ‘-कर’सारखी. ज्या गावाचं नाव माणसाला लागतं ते त्याने सोडलेलं असतं, कारण गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच तसं म्हणून वेगळेपण कळत नाही. म्हणून उगमाचं गाव आजच्या वस्तीपासून दूर असू शकतं. पोलिश ‘-स्की’ मुळात गावावरून, पण पुढे ते प्रतिष्ठेचं शेपूट म्हणून कुठल्याही शब्दाला लागलं. कोवाल्स्की हे ‘कोवाल’, म्हणजे लोहार, यावरूनही येतं. डच ‘फान’ म्हणजे केवळ ‘चा’, त्यात सरदारकी नाही. जर्मन ‘फॉन’ बहुधा सरदारकी दाखवतो, पण नेहमीच नाही, आणि ऑस्ट्रियाने तो १९१९ मध्ये कायद्याने काढूनच टाकला. तिथल्या आजच्या नावात तो नसेल तरी आजोबांच्या कागदात असू शकतो.

धंद्याची नावं तुलनेने सरळ. लोहार सगळीकडे होता, म्हणून श्मिट, फेरारी, कोवाच, कुझ्नेत्सोव्ह, एस्टोनियन ‘सेप’ ही सगळी एकाच अर्थाची. पण किंग, बिशप, पोप यांना धंदा समजू नका. राजाचं किंवा बिशपचं आडनाव लावणारा बहुधा त्याच्या पदरी चाकर होता, किंवा गावच्या नाटकात ती भूमिका करायचा, किंवा नुसता ऐटबाज होता.

टोपणनावांचा कप्पा सर्वांत निसरडा. हंगेरीत ‘नेमेट’ म्हणजे जर्मन, ‘होर्वाट’ म्हणजे क्रोएशियन, ‘टोट’ म्हणजे स्लाव. नाव शेजाऱ्यांनी ठेवलं, त्यामुळे तो माणूस त्या गावात परका होता एवढंच निश्चित. पोलिश ‘नोवाक’ म्हणजे नवा आलेला. ‘काट्झ’ जर्मन शब्दकोशात मांजर निघतं. ज्यू घराण्यात मात्र ते ‘कोहेन त्सेदेक’, नीतिमान याजक, याची आद्याक्षरं जोडून झालेलं असतं.

चार कप्प्यांबाहेरचीही काही आहेत. स्वीडिश ‘लिंडक्विस्ट’ म्हणजे एका झाडाचं नाव आणि फांदी, निव्वळ शोभेसाठी जोडलेले शब्द. त्यातून पूर्वजांचा व्यवसाय किंवा गाव काढू नका. स्वीडिश सैनिकांना सैन्यात ‘मोदिग’ (शूर), ‘रास्क’ (चपळ) अशी छोटी नावं देत, आणि एका शिपायाच्या जागी दुसरा आला की त्यालाही बऱ्याचदा तेच नाव मिळे. नेपल्समधलं ‘एस्पोझितो’ आणि फ्लॉरेन्समधलं ‘इन्नोचेंती’ ही अनाथालयाच्या दाराशी सोडलेल्या मुलांची नावं. इथे शोध अनाथालयाच्या वहीपाशी थांबतो, पण ती वही जरूर बघा: मुलासोबत ठेवलेली खूण, कपडे, चिठ्ठी यांची नोंद कधीकधी असते.

अर्थासाठी त्या भाषेतला आडनावांचा अभ्यासू कोश वापरा, आणि त्यात त्या नावाची सालासह जुनी उदाहरणं दिली आहेत का ते बघा. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी ऑक्सफर्डचा २०१६ चा कोश तसा आहे. नेदरलँड्सचा आडनावांचा माहितीसाठा आणि जर्मनीचा डिजिटल आडनावकोश ऑनलाइन मोफत आहेत. जुनं उदाहरण न देता नुसता अर्थ सांगणाऱ्या संकेतस्थळावर विसंबू नका.

८. गोवा आणि वसईसाठी वेगळा रस्ता

पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला आणि वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. इथे धर्मांतराच्या वेळी बाप्तिस्म्यात आडनाव मिळालं, ते बहुधा धर्मपित्याचं, पाद्रीचं किंवा एखाद्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचं. म्हणून इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा: आडनावाचा पोर्तुगालमधला उगम आणि घराण्याचा इथला उगम. ‘लोबो’ म्हणजे लांडगा, ‘कुएल्यु’ म्हणजे ससा, ‘कार्व्हाल्यु’ म्हणजे ओक, ‘परेरा’ म्हणजे नासपतीचं झाड, ‘फुर्तादो’ म्हणजे चोरलेला. हे पोर्तुगालमधल्या मूळ घराण्यांना लागू, साष्टीतल्या किंवा बारदेशातल्या घराण्याच्या स्वभावाला किंवा व्यवसायाला नाही.

‘मेस्किता’ म्हणजे मशीद, पण ते त्या नावाच्या गावावरून आलं. त्यावरून मुस्लिम पूर्वज सिद्ध होत नाहीत. झाडांची आडनावं म्हणजे बाटवलेले ज्यू, हा समजही सगळीकडे फिरतो. पोर्तुगालमध्ये ऑलिव्हेरा, परेरा ही नावं जुन्या ख्रिस्ती घराण्यांतही मुबलक होती, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. ‘झेवियर’चं मूळ तर पोर्तुगीजही नाही. सेंट फ्रान्सिसचा जन्म १५०६ मध्ये नवारातल्या हावियेर गढीत झाला आणि त्या गढीचं नाव बास्क ‘एचे बेरी’, नवं घर, यावरून पडलं. आपल्याकडे ते आलं संताच्या भक्तीतून.

शोधताना तीन गोष्टी करा. पहिली, दोन्ही स्पेलिंग वापरा: पोर्तुगालमध्ये १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर सोझा आणि मेल्लो यांची नव्या पद्धतीची रूपं रूढ झाली, गोव्यात झेड आणि जोड एल टिकले. ‘डिसोझा’ रोमन लिपीत लिहिताना डीनंतर वर येणारं चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) इंग्रजी अमदानीतलं, पोर्तुगीज कागदात तिथे स्वतंत्र ‘द’ असतो. दुसरी, बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता-धर्ममाता, गाव आणि वाडा टिपून घ्या, कारण एका गावात एकाच आडनावाची असंबद्ध घराणी असतात आणि वाड्यावरूनच ती वेगळी करता येतात. तिसरी, धर्मांतरापूर्वीचं नाव हवं असेल तर गावच्या कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकरीच्या, कागदांकडे वळा. चर्चकडे वही नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा. या दफ्तराची सुरुवात १५९५ मध्ये दियोगु दु कोउतुच्या हाताखाली झाली.

पोर्तुगालपर्यंत खरोखर रेषा जात असेल तर तिथल्या वह्यांत भावंडांची आडनावं वेगवेगळी दिसतील. एक भाऊ बापाचं लावतो, दुसरा आजोळचं, आणि बहीण नुसती ‘मारिया द जेझुस’. भावंडं जुळवायला आडनाव सोडून आईबापांची आणि चारही आजी-आजोबांची नावं वापरा.

९. पडताळा आणि नोंद

‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलं जातं, आडनावाला नव्हे. ते देणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून आहे आणि खरं-खोटं तिथे विचारता येतं. पोलंडची रीत निराळी: तिथे एकच चिन्ह अनेक वेगवेगळ्या आडनावांची घराणी वापरत.

डीएनए चाचणी करायची तर वाय गुणसूत्राची करा, कारण तेही आडनावासारखं बापाकडून मुलाकडे जातं. दोन पुरुष जुळले तर सामाईक पूर्वजाचा चांगला पुरावा मिळतो. न जुळले तर आडनाव अनेक जागी पडलं, मधे दत्तक झालं, की जावयाने वाडीचं नाव घेतलं, हे कागदांवरूनच ठरवावं लागेल. पितृनामं दर पिढीला बदलणाऱ्या देशांत या चाचणीचा आडनावाच्या शोधाला उपयोग नाही.

शेवटी निष्कर्ष लिहून ठेवा, आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘कागदावरून’, ‘नकाशावरून अंदाज’ किंवा ‘घरातली समजूत’ यांपैकी एक शेरा मारा. उदाहरणार्थ: ‘वॉकर. सर्वांत जुनी नोंद अमुक पॅरिश, दफन, १६१२, कागदावरून. धंद्यावरचं नाव, कापड तुडवणारा, नकाशावरून अंदाज. स्कॉटलंडहून आलो, घरातली समजूत.’ प्रत्येक प्रतिमेच्या फाइलला साल, गाव, दस्तऐवज आणि पान क्रमांक याच क्रमाने नाव द्या, आणि अभिलेखागाराचा दप्तर क्रमांक त्याच वेळी उतरवून घ्या. संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, दप्तर क्रमांकावरून मात्र ते पान पुन्हा मागवता येतं.